विमानाची तारीख आणि पाण्याचा नंबर

ह्या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी वर्षभर वाचतेय. खरं सांगू? निम्म्या तर निव्वळ थापा आहेत. पांढरी साडी, घुंगरांचा आवाज, मागं वळून बघितलं तर कुणीच नाही... पुरे झालं की! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा सासऱ्यांनी जळकोटच्या घरातले देव, टाक, अंगारे, सगळं उचलून बाहेर काढलं. भूत, भानामती हे शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी काढत नसे. तरीही मी हे लिहायला बसलेय, म्हणजे काय ते समजा. आणि 'भास झाला असेल ताई' म्हणणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा, मग शहाणपण शिकवा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. नक्की साल सांगणार नाही, त्या गल्लीतली माणसं अजून आहेत. आत्ताचं धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. आमचे हे सरकारी ऑफिसात क्लार्क. एका ओळीत सहा घरं, त्यातल्या दोन खोल्या आमच्या भाड्याच्या. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. गल्लीच्या तोंडाशी एकच नळ, त्याला चौथ्या दिवशी पाणी, तेही भर दुपारी बारा ते एक. घरटी चार हंडे आणि घरागणिक नंबर ठरलेला. आमचा नंबर तिसरा, पण तो सहज मिळाला नव्हता. आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा आम्हाला कायम शेवटचा नंबर — का, ते तुम्हाला कळलंच असेल. सहाव्या नंबराला येईपर्यंत नळ नुसता सूं सूं वाजायचा. आत्याबाई सकाळी सातपासून हंडे घेऊन तिसऱ्या जागेवर उभ्या राहायला लागल्या. शिव्या खाल्ल्या, दोनदा हंडे फेकले गेले, पण बाई हलली नाही. शेवटी शेजारच्या शेवंताबाईंनीच आमची बाजू घेतली. "म्हातारी आधी आली, तिचा नंबर तिसरा. माझा चौथा. मला चालतंय, तुमच्या पोटात का दुखतंय?" असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. तेव्हापासून शेवंताबाई म्हणजे माझी एकुलती एक मैत्रीण.

आता विमानाचं. धाकटा दीर कुवेतला इलेक्ट्रिशियन होता. आईला एकदा विमानात बसवायचं हे त्याचं खूळ. त्यानं मुंबईच्या एका एजंटकडून आमची चार तिकिटं काढून ठेवली, मुंबई-दिल्ली जाऊन-येऊन. ओपन तिकिटं! म्हणजे पैसे भरलेले, तारीख कोरी. आपण तारीख कळवायची, एजंट बुकिंग करणार. पण वर्षाच्या आत वापरायची, नाहीतर मेली. आणि ते वर्ष जूनमध्ये संपत होतं.

झालं, घरात रोज तेच भांडण.

आत्याबाई म्हणायच्या, "पाऊस पडू द्या. नळाला रोज पानी येऊ द्या. मग जाऊ."

"अहो पाऊस पडेपर्यंत तिकिटं मरतील!"

"मरू द्या. इमान काय पळून जातंय व्हय? नंबर एकदा सोडला की सोडला, सुमन. परत न्हाय मिळत."

माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट. जन्मात पहिल्यांदा कुठंतरी जायला मिळतंय आणि ही बाई चार हंड्यांपायी ते घालवतेय, ह्यानं माझं डोकंच फिरलं. मी ह्यांच्या मागं लागले, मेमधली तारीख ठरवली आणि पोस्टात जाऊन एजंटला तार ठोकून आले. घरी येऊन मगच सांगितलं. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दहा दिवसांत पाण्याच्या दोन पाळ्या बुडणार होत्या. शेवंताबाईंची लेक बाळंतपणाला आलेली, घरात पंधरा दिवसांचं बाळ, रोज धुणं. मी त्यांना म्हटलं, "आमचे दोन्ही नंबर तुम्ही घ्या. तुमचे चार, आमचे चार." त्यांनी माझे हात धरले. त्या भरवशावर त्यांनी बैलगाडीनं विहिरीच्या पाण्याचं पिंप आणून देणाऱ्यालाही नको म्हणून सांगितलं. आत्याबाई उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "म्या दिलेला न्हाय."

निघायच्या दिवशी मी सगळं पाणी वापरून कपडे धुतले, दोन्ही ड्रम घासून मोरीत पालथे घातले. दाराला कुलूप, किल्ली ह्यांच्या करगोट्याला. संध्याकाळच्या एसटीनं मुंबई, दुसऱ्या दिवशी विमान. वर गेल्यावर खाली समुद्र दिसला. पोरगी टाळ्या पिटत होती. आत्याबाईंनी एकदाच खाली बघितलं आणि तोंड फिरवलं. "एवढं पानी," म्हणाल्या, "आन आपल्याकडं चौथ्या दिशी."

निघाल्यापासून चौथ्या दिवशी आम्ही दिल्लीच्या लॉजवर होतो. दुपारी बाराच्या सुमाराला आत्याबाई बसल्या जागी आडव्या झाल्या. गाढ झोप! हाका मारल्या, हलवलं, काही नाही. ऊन लागलं म्हणून ह्यांनी कपाळावर ओला रुमाल ठेवला. तासाभरानं उठल्या आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या. तळहात लालभडक झाले होते. मी विचारलं तर हात पदराखाली घेतले.

आठव्या दिवशी आग्रा. किल्ल्याच्या बागेत झाडाखाली बसलो होतो. परत बारा वाजता तेच. तासाभरानं उठल्या तेव्हा निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या. मला वाटलं, झोपेत लघवी झाली. चारचौघांत मी त्यांना नको नको ते बोलले... आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटते. कारण साडी पिळताना मला कळलं होतं, की ते साधं पाणी आहे. त्या उन्हात, कोरड्या गवतावर. पण मी ह्यांनाही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी घरी परतलो. कुलूप जसंच्या तसं, वर धूळ बसलेली. आत गेले आणि मोरीच्या दारातच थांबले.

दोन्ही ड्रम सरळ उभे. काठोकाठ भरलेले.

ह्यांना हाक मारायच्या आत दारात शेवंताबाई आल्या. डोळे सुजलेले, मागं निम्मी गल्ली. "आल्या का इमानवाल्या? सासूला हितंच ठिवून गेली व्हतीस, तर मला नंबर कशाला दिलास गं?"

मला कळेचना. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. दोन्ही पाळ्यांना, भर बारा वाजता, आत्याबाई तिसऱ्या नंबरावर उभ्या होत्या म्हणे! अनवाणी, पदर पुढं ओढलेला, आमचेच दोन हंडे. शेवंताबाई म्हणाल्या, "म्या म्हनलं, मावशी, सून मला नंबर देऊन गेलीय. तर वर बघितलं न्हाय, का बोलली न्हाय. मला खांद्यानं ढकललं. चार हंडे भरले आन चालती झाली. दोन्ही बारीला!" त्यांना घरच्या चार हंड्यांत भागेना, तेव्हा त्यांच्या लेकीनं विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी गाळून आणलं. बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात सलाईन लावून आदल्या रात्री घरी आणलं होतं.

ह्यांनी खिशातून बोर्डिंग कार्डं काढली. चार. "हे बघा, आई आमच्याबरोबर होती."

"कागदं कुनाला दाखिवता? माझं डोळं फुटल्यात का?"

आत्याबाई आत कॉटवर बसून होत्या. मी जाऊन त्यांचे दोन्ही हात उलटे केले. तळहातांवर फोड आले होते, हंड्याच्या काठानं येतात तसे. मी विचारलं, "आत्याबाई, काय आहे हे?" "म्या तुमच्यासंगट व्हते की," त्या म्हणाल्या. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही. त्या स्वतःच घाबरल्या होत्या.

मला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. शब्द मी दिला होता. बाळ कुणाचं का असेना, आजारी पडलं ते माझ्या शब्दावर विसंबल्यामुळं. मी एक हंडा घासला, ड्रममधून स्वच्छ पाणी भरलं आणि शेवंताबाईंच्या दारात नेऊन ठेवला. "हे घ्या. दोन्ही ड्रम तुमचे. उकळून बाळाला पाजा."

त्यांनी हंड्याकडं बघितलं. मग उचलला, आणि गल्लीच्या मधोमध उपडा केला.

त्या दुष्काळात! सगळ्या बाया बघत उभ्या होत्या. जमीन दोन मिनिटांत कोरडी झाली.

मी म्हटलं, "शेवंताबाई, हे पाणी भुताचं म्हणून ओतलंत, का आमच्या घरातलं म्हणून?"

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "नळाचा नंबर येगळा, सुमन." आणि दार लावून घेतलं. तीन वर्षं ज्या बाईला मी माझी म्हणत होते, तिच्या घरात मी कधी पाणी प्यायले होते का, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा आठवून बघितलं. नव्हते प्यायले. दिलंच नव्हतं.

ते ड्रम आम्हीच वापरले. पाणी साधं होतं, नळाचं होतं. बाळ पुढं बरं झालं, पण शेवंताबाई माझ्याशी परत बोलल्या नाहीत. ह्यांनी डॉक्टर मित्राला विचारलं, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, गल्लीनं कट केला असेल. असेल बाबा! पण मग कुलूप? तळहात? आग्र्याची ओली साडी? मला आजतागायत उत्तर मिळालेलं नाही, आणि तुमच्यातल्या कुणाकडं असेल असंही मला वाटत नाही.

दोन दिवसांनी परत पाळी आली. आत्याबाई हातांना चिंध्या गुंडाळून हंडे उचलायला लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही बसा, आज मी जाते."

"नगं," त्या म्हणाल्या. "तू परत कुनाला तरी देऊन टाकशील."