निघायची जागा आधी लिहायला लावणारे भगत सर

यादवराव भगत सरांची आणि माझी पहिली ओळख फारशी गोड नव्हती. सर तेव्हा वजनमापे निरीक्षक होते आणि सेलूच्या आमच्या किराणा दुकानातलं अर्धा किलोचं एक वजन त्यांनी जप्त केलं होतं. मी सातवीत होते. वडिलांचं तोंड उतरलेलं पाहून मला त्या माणसाचा भयंकर राग आला. पण संध्याकाळी तेच साहेब पुन्हा दुकानात आले, वडिलांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि वजन झिजतं कसं, पडताळणी कुठे करून घ्यायची हे त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. चहा मात्र घेतला नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न होऊन वर्ध्याला आले. सर निवृत्त होऊन बोरगाव मेघेला राहत होते आणि दर रविवारी सकाळी आपल्या ओसरीत शेअरच्या ऑप्शनचे व्यवहार शिकवत होते. फी नव्हती. आम्ही दहाबारा जण असू. काकूंनी केलेले पोहे खाऊन आम्ही सतरंजीवर बसायचो. मी पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने विचारलं, की सर, सुरुवातीला कोणता ऑप्शन घेऊ?

"निघान कुठं?" सरांनी विचारलं.

अजून घेतलाच नाही तर निघायचं कुठून, असं मी हसत म्हणाले. सर हसले नाहीत.

"घ्याले कोनीई घेते, बाई. आंधी निघाची जागा लिवा, मंग घ्या."

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा मुदतीपुरता हक्क. घेण्याचा तो कॉल, विकण्याचा तो पुट. शेअर जागचा हलला नाही तरी या हक्काची किंमत दिवसागणिक झिजत जाते, हे सरांनी आम्हांला पहिल्या महिन्यात इतक्यांदा सांगितलं की आम्ही कंटाळलो. आत शिरताना भाव आपण सांगायचा, बाजार देईल तो घ्यायचा नाही. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात मोठं अंतर असेल तर त्या वाटेला जायचंच नाही, कारण बाहेर पडताना तेच अंतर पुन्हा आपल्या माथी येतं. मुदतीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत रेंगाळायचं नाही, तेव्हा समोर गिऱ्हाईक मिळत नाही. कोणता शेअर घ्या, हे मात्र सरांनी कधीही कुणालाही सांगितलं नाही.

आमच्यातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांनी एकदा कॉलमधून बाहेर पडायचं म्हणून उलटा पुट विकत घेतला आणि सुटलो म्हणून निवांत बसले. आता त्यांच्या गळ्यात दोन व्यवहार होते. आम्ही खो खो हसलो. सरांनी आम्हांला गप्प केलं आणि डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "जे घेतलं तेच इकाचं, डॉक्टर, बाकी काई नाई." मग सोमवारी बाजार उघडताच त्यांच्या शेजारी बसून दोन्ही व्यवहार मोकळे करून घेतले. माणसाला ओशाळं न करता त्याची चूक दाखवणं मी सरांकडून शिकले, आणि वर्गात मुलांना शिकवताना ते मला फार उपयोगी पडलं.

आमच्या ओसरीची एक रीत होती. व्यवहार करण्याआधी चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या: का घेतो, चुकलं तर कोणत्या भावाला निघणार, आणि काहीच घडलं नाही तर कोणत्या दिवशी निघणार. ती चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायची. तो भाव आला की त्याने फोन करायचा आणि आपण वाद न घालता निघायचं. माझी चिठ्ठी सरांकडे असे.

चार वर्षांपूर्वी मी एक कॉल घेतला. एरवी एक लॉट, म्हणजे शेअरचा एक ठरावीक गठ्ठा घेणारी मी, त्या वेळी चार घेतले. मुलीच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात घातली, आणि हे चिठ्ठीत लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांचा फोन आला.

"बाई, भाव आला. निघाल्या का?"

"हो सर, निघाले," मी म्हणाले.

मी निघाले नव्हते. दोन दिवसांत भाव वर येईल असं मला वाटत होतं. मग वाटलं, आणखी दोन दिवस. शेवटी विकायला काढलं तेव्हा घेणारं कुणी उरलं नव्हतं आणि मुदत संपली. सगळं गेलं.

घरी कळल्यावर आमचे हे तडक बोरगावला गेले, मी त्यांच्या मागोमाग. रविवार होता, ओसरी भरलेली होती.

"सर, तुमच्या वयाकडे पाहून जास्त बोलत नाई," हे म्हणाले, "पन आमच्या घरच्या बाईले तुमी जुवा शिकवला."

सरांच्या मांडीवरच्या फाइलीत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. ती नुसती पुढे केली असती तरी पुरे होतं. सरांनी फाइल मिटली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि यांना म्हणाले, "माह्यं चुकलं." मी दाराशी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी वर्ग बंद केला. डोळ्यांना नीट दिसत नाही, असं कारण सांगितलं. ते खोटं होतं. भगत साहेबांच्या नादाने एक घर बुडालं, ही गोष्ट मात्र गावभर झाली. रस्त्यात 'जयभीम साहेब' म्हणून थांबणारे काही जण वाट बदलू लागले, हे काकूंनी मला सांगितलं. काकूंनाही खरं ठाऊक नव्हतं.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी सरांकडे गेले आणि हे सगळं लिहिते म्हणाले. सरांनी नको म्हटलं.

"काऊन लिवता? तुमचे साहेब वाचतीन नं."

मी लिहिलं. काल यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "सरायले तोंड कसं दाखवू मी?" मी चार वर्षं तेच स्वतःला विचारते आहे.

सरांच्या डोळ्यांना आता खरोखरच दिसेनासं झालं आहे. ओसरी पुन्हा भरली तरी चिठ्ठ्या वाचता येणार नाहीत. त्यांची ती चार डोळस वर्षं माझ्यामुळे वाया गेली, आणि ती मला परत देता येत नाहीत.

पंचाहत्तरी ओलांडणाऱ्या सरांना सगळेच उदंड आयुष्य चिंततील. मीही चिंतते, पण त्यात माझा स्वार्थ आहे. ज्यांनी ज्यांनी सरांकडे पाठ फिरवली, त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन मला सांगायचं आहे की सरांनी निघा म्हटलं होतं आणि मी खोटं बोलले. घरं पुष्कळ आहेत. शेवटच्या घरचा माणूस सरांना भेटायला येईल तेव्हा सर ओसरीत धडधाकट बसलेले असावेत.