डेल्मामावशीची बेरीज

डेल्मा कीसिक शनिवारी दुपारी रेडिओवर बिंगो पुकारायची आणि सोमवार ते शुक्रवार त्याच इमारतीतल्या आमच्या ऑफिसात फोन घ्यायची. दोन्हीकडे आवाज तोच, जाडसर, संथ आणि समोरच्याला आपोआप गप्प करणारा. सगळे तिला मावशी म्हणायचे. मीही म्हणायचो, तिच्या आदिवासी लोकांतला नसूनही; माझे आजोबा फिनलंडहून आलेले. ती मला 'इंजिनियर' म्हणायची आणि त्यात कौतुक कमीच असायचं.

ऑन्टारिओच्या वायव्य टोकाला आमचं रेल्वेचं गाव. त्याच्या उत्तरेला तिच्या लोकांची, रस्ता नसलेली सव्वीस गावं. तिथे विमानाने जायचं, नाहीतर थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून. आमचा रेडिओ त्या सगळ्या गावांत ऐकला जायचा. तिथल्या शाळा आठवीपर्यंत. त्यानंतर पोराला सप्टेंबरात विमानात बसवून आमच्या गावात परक्यांच्या घरी ठेवायचं, ही तिकडची रीत. रीत कसली, सक्तीच ती. त्यांतल्याच एका गावच्या डेल्मालाही तेराव्या वर्षी असंच उचलून वसतिशाळेत टाकलं होतं. जानेवारीत तिची आई गेली, आणि तिला ते कळवलं एप्रिलमध्ये. हे तिने मला एकदाच सांगितलं, बॅनकच्या रोटीला लोणी लावता लावता, आणि लगेच म्हणाली, "चहा ओत."

म्हणून १९९९ चा तो प्रयोग तिच्या जिवाचा होता. नववीचे धडे उपग्रहावरून थेट गावोगावच्या शाळांत पाठवायचे, म्हणजे पोरं घरी राहून शिकतील. ओटावाच्या सरकारची अट एकच होती. आठवड्याचे धडे शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सव्वीसही शाळांत पूर्ण पोचले पाहिजेत. चार शुक्रवार दिले होते. तीन नापास झाले. उरला फेब्रुवारीतला शेवटचा. डेल्माची नात लेटी व्हाइटफिश नॅरोजला आठवीत होती. हाही शुक्रवार गेला असता तर सप्टेंबरात ती विमानात.

अडचण अशी की आमची उपग्रहाची तबकडी फक्त बोलायची, गावांच्या तबकड्या फक्त ऐकायच्या. धड्यांचे आम्ही सहाशे तुकडे करून पाठवायचो. कुठे तबकडीत बर्फ साचायचा, कुठे जनरेटर मान टाकायचा, आणि प्रत्येक गावाचे वेगळेच तुकडे गळायचे. मग गावं फोन करायची. दोन लाइनी आणि सव्वीस शाळा.

"मावशी, आमचा चौदा, दोनशे बारा आणि तीनशे सत्याहत्तर गेला."

"लिहिलं. ठेव. मागे सँडी बे गावचा मास्तर बोंबलतोय."

मी तुकडे पुन्हा सोडायचो. एका गावासाठी सोडलेला तुकडा उरलेल्या पंचवीसांना बिनकामाचा, आणि ज्याला हवा त्याच्याकडे नेमका तेव्हाच वारा सुटायचा. बारा वाजायचे, आणि ओटावाहून तपासणीला आलेले प्रुदोम साहेब वहीत 'नापास' लिहून पेनला टोपी लावायचे आणि ते खिशात टाकायचे. माणूस वाईट नव्हता. पण ते पेन मला डोळ्यांसमोर नको व्हायचं.

तिसऱ्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी मी स्टुडिओत तोंड पाडून बसलो होतो. आवाजाची बटणं सांभाळायला मी तिच्या शेजारी अकरा वर्षं बसत आलो होतो. डेल्मा आकडे पुकारत होती; घरोघरी बायका ते आपापल्या कार्डावर खोडायच्या, आणि जिचं कार्ड आधी भरेल ती फोन करून 'बिंगो!' ओरडायची.

"बी सात. आय बावीस. एन एक्केचाळीस. जी त्रेपन्न. ओ अडुसष्ट. पाचांची बेरीज एकशे एक्याण्णव."

प्रत्येक पाच आकड्यांनंतर ती बेरीज सांगायचीच. मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की बाई गणिताचा तोरा मिरवते.

"मावशी," गाणं लावल्यावर मी वैतागून म्हटलं, "ही बेरीज कशाला गं सांगतेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच दारातून आत आलोय. "कोणाचं पोर रडतं, कोणाची कुत्री भुंकतात. एकीचा बावीस हुकतो, दुसरीचा त्रेपन्न. आधी सगळ्या फोन करायच्या, खेळ अंधार पडेपर्यंत चालायचा. आता ज्याचा जो हुकला तो बेरजेतून काढून घेतो. मला कोणाचा काय हुकला ते कळायचीसुद्धा गरज नाही."

मी खुर्चीतून उठलो. गाणं संपलं तरी माझं बोट बटणावर नव्हतं. सव्वीस गावं अर्धं मिनिट शांतता ऐकत बसली.

"बटण, इंजिनियर!"

काँप्युटरच्या तुकड्यात शेवटी आकडेच असतात. त्यांचीही बेरीज होते. एक बेरीज सोडली की प्रत्येक गाव आपापलं भोक त्यातूनच बुजवणार! हे बिंगो खेळणाऱ्या आज्यांना अकरा वर्षं माहीत होतं आणि पदवीवाल्या मला नव्हतं. लाज वाटली, पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता.

"पण पाचांतले दोन गेले तर?" खेळ संपल्यावर मी विचारलं. "बेरीज दोनदा सांगू?"

"तेच दोनदा सांगून काय होणार? बायकोला विचारून बघ." तिने बिंगोचं कार्ड माझ्यासमोर सरकवलं. पाच आडव्या ओळी, पाच उभ्या. "आडवी बेरीज घे, उभीही घे. आडव्यात अडकलं तर उभ्यातून सुटेल. एक सुटलं की दुसऱ्याला वाट होते."

त्या पुठ्ठ्यावर माझं सगळं काम होतं. पंचवीस तुकड्यांचं एक कार्ड, त्याला पाच आडव्या आणि पाच उभ्या बेरजा. सहाशे तुकड्यांची चोवीस कार्डं. रविवारी आणि सोमवारी मी प्रोग्राम लिहिला, आणि मंगळवार-बुधवारी तो भरलेल्या फ्लॉप्या टपालाच्या विमानांनी गावोगावी गेल्या. गुरुवारी सकाळी जुन्याच धड्यांची रंगीत तालीम केली. पंचवीस गावं पूर्ण झाली. व्हाइटफिश नॅरोज अडलं.

नेमकं तेच गाव. तिथे एक झोत वाऱ्याचा आला आणि ओळीने चौदा तुकडे घेऊन गेला. ते सगळे एकाच कार्डावरचे. अर्धंअधिक कार्डच गेल्यावर बेरजा तरी काय करणार?

मी हात टेकले. "फ्लॉप्या पुन्हा पाठवायला वेळ नाही, मावशी. संपलं."

"कार्डं पाठवलीस कशी?"

"एक झालं की दुसरं."

"अरे देवा!" ती हसलीच. "माझी बहीण बारा कार्डं टेबलावर मांडून खेळते. एक अख्खं भरून मग दुसरं घेते होय? प्रत्येक कार्डावरचं एकेक घर घे की! वारा आला तर प्रत्येकाचं एखादं घर नेईल. तेवढं सोसतं."

गावातल्या मशीनला काहीच बदलायचं नव्हतं. प्रत्येक तुकड्यावर नंबर होता, तो कधीही आला तरी आपल्या घरात जाऊन बसणार. बदलायचा होता फक्त इथला पाठवायचा क्रम. तासाभराचं काम.

शुक्रवारी उणे अडतीस होतं. उत्तरेकडे वारा पिसाळलेला. साडेदहाला मी धडे सोडले आणि सव्वाअकराला शेवटची बेरीज गेली. फोन वाजला नाही. अकरा वीस, तरी वाजला नाही. डेल्मा वही उघडून, पेन्सिल धरून बसलेली.

प्रुदोम साहेबांनी घड्याळ पाहिलं. "फोन बंद पडलेत का? दर वेळी तर नुसता गोंगाट असतो."

मग माझ्या लक्षात आलं. ज्याचं पूर्ण झालं त्याने काय करायचं, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं! तक्रारीची सवय, यशाची तयारीच नाही. सगळे आपापल्या शाळेत गुपचूप धडे वाचत बसले असणार.

डेल्मा उठली, स्टुडिओत गेली आणि चालू गाणं बंद करून माइकवर म्हणाली, "मी डेल्मा. शाळावाल्यांनो, कार्ड भरलं असेल तर तोंड शिवून काय बसलात? बिंगोला काय करतात?"

दोन्ही फोन एकदम खणाणले. मी उचलला.

"बिंगो!" सँडी बेचा मास्तर कानात ओरडला. मागे वर्गभर पोरं किंचाळत होती.

"बिंगो!" "बिंगो, मावशी!" एका गावाने तर दोनदा फोन केला, ऐकू आलं की नाही म्हणून. प्रुदोम साहेब स्वतःच दुसरा फोन घेऊन बसले आणि माझ्या देखत, कोट काढून, भिंतीवरच्या यादीवर खुणा करू लागले. अकरा सत्तेचाळीसला पंचवीस खुणा झाल्या. सव्विसावी होईना.

अकरा एकावन्नला फोन वाजला. तो डेल्माने घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"बिंगो, कोकुम." लेटीचा आवाज. कोकुम म्हणजे आजी. "आमचा जनरेटर गेला होता. मास्तर आत्ताच चालू करून आले. मशीन म्हणतं, वाऱ्यात त्रेसष्ट तुकडे गळले होते. पण सगळे भरले."

साहेब खूण करायला निघाले. डेल्माने हात वर केला. "थांबा. बिंगो म्हटलं की कार्ड तपासायचं असतं. लेटी, शेवटच्या धड्याचं शेवटचं वाक्य वाच."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग पोरगी एकेक शब्द सावकाश वाचू लागली, "तुमच्या... गावच्या तळ्याची... खोली मोजा आणि... उत्तर घरच्यांना सांगा."

"बरोबर आहे," डेल्मा म्हणाली. तो धडा तिने कधी पाहिलाही नव्हता.

साहेबांनी सव्विसावी खूण केली. अकरा चोपन्न झाले होते. मी ओरडलो, टेबलावर मुठी आपटल्या, साहेबांना मिठी मारली आणि त्यांचा चष्मा खाली पडला.

"कोकुम," स्पीकरमधून लेटी विचारत होती, "मग सप्टेंबरात मी विमानात नाही ना बसायचं?"

डेल्माच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. आवाज मात्र शनिवारचाच होता, संथ आणि जाडसर.

"नाही. विमानाने मी येते तुझ्याकडे. तळ्याची खोली मला सांगायची आहे ना तुला?"