काकांचा मऊ बॉल

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या शनिवारच्या गोल्फ ग्रुपमध्ये एक काका आहेत. मूळचे नागपूरचे, सत्तरी ओलांडलेले. बॉल मारण्याआधी टोपी सरळ करतात आणि मारल्यावर तो कुठेही गेला तरी म्हणतात, "चला, गेला बिचारा!"

परवा गोल्फच्या दुकानात स्विंग स्पीड, म्हणजे बॉल मारताना काठी किती वेगाने फिरते ते, मोजायचं मशीन होतं. आम्ही तिघं चाळिशीतले त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतो. काका पुढे झाले, स्विंग मारला आणि स्क्रीनवरचा आकडा मोठ्यांदा वाचला. "बहात्तर! मागच्या वर्षी ऐंशी होता." मग त्यांनी सगळ्यांसमोर हळू स्विंगवाल्यांचा मऊ बॉल मागितला. "कडक बॉल दाबायला जोर लागतो रे बाबा. तो आता नाही, तर नाही."

मग मला म्हणाले, "तू मार की."

आमचा बॉस वापरतो म्हणून मी कायम सगळ्यात कडक बॉल घेतो. माझा आकडा आला अडुसष्ट.

तो काकांनी वाचला नाही. टोपी सरळ करत ते स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले आणि मित्र पुढे जाईपर्यंत हलले नाहीत.

"मऊ बॉलचे दोन बॉक्स घेतलेत," ते म्हणाले. "माझ्या बॅगेत जागा नाही. एक तुझ्याकडे ठेव."