गिअरवाली नको, बाबा!

मंडळी, आजची मेल छोटीच आहे, पण छाती फुगवून लिहितोय.

सकाळी मुलीला तिची पहिली माउंटन बाइक घ्यायला गेलो. ईशा बारा वर्षांची, लखनौतच वाढलेली. मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच.

दुकानदार बजेटबाहेरची गिअरवाली गळ्यात मारत होता आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. तेवढ्यात त्याला कळू नये म्हणून ईशा चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, गिअरवाली नको. बिघडली तर सारखं इथेच यावं लागेल. ती साधी घ्या, तिचे ब्रेक मी बघितलेत."

साधीच घेतली. मानक नगरच्या घरापर्यंत ती पुढे, मी स्कूटरवर मागे.

घरी विचारलं, "कशी आहे गं?"

"एकदम मस्त है, पापा!"

आता मराठी ऐकायला हिला रोज दुकानात न्यायचं का?