दोन लाइनी, एकच पाइप

“वैशाली, गुरुवारी तळघर बघून येऊ. अर्ध्या दिवसाचं काम आहे,” युर्गन म्हणाला.

“परीक्षेनंतर,” मी म्हणाले.

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. त्यानं हे दुसऱ्यांदा विचारलं होतं आणि मी दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलं होतं.

मी बॉनमधल्या एका मध्यम आकाराच्या आयटी कंपनीत नेटवर्क डिझायनर आहे. मूळची इचलकरंजीची, इथे येऊन अकरा वर्षं झाली. आम्ही केबल ओढत नाही. कुठून कुठे न्यायची, किती न्यायच्या, एक तुटली तर काम कशावर चालणार, हे ठरवतो आणि कागदावर सही करतो. युर्गन आमचा सर्वांत जुना टेक्निशियन. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पण त्याची तीस वर्षं लोकांच्या तळघरांत केबल जोडण्यात गेली होती.

माझी परीक्षा डिझाइनमधली सर्वांत वरची. दिवसभर चालते. एका काल्पनिक कंपनीचे नकाशे, ई-मेल, तक्रारी समोर येतात. त्यावरून निर्णय घ्यायचे आणि कारणं द्यायची. एकदा उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. आदल्या वर्षी मी त्यात नापास झाले होते. मोठ्या टेंडरांसाठी कंपनीत हे प्रमाणपत्र असलेला एक तरी माणूस लागतो, आणि आमच्याकडचा तो माणूस नोकरी सोडून गेला होता. त्यामुळे माझे बॉस लांगे रोज माझ्या टेबलापाशी येऊन म्हणत,

“फ्राऊ माने, परीक्षेपर्यंत बाकी सगळं दुय्यम.”

त्या बाकी सगळ्यात एक खरं काम होतं. ‘हाउसनोटरूफ’, म्हणजे घरून तातडीची मदत मागवण्याची सेवा, चालवणारी एक संस्था. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात किंवा मनगटावर एक बटण असतं. पडलं, छातीत दुखलं, की ते दाबायचं. केंद्रात घंटी वाजते आणि कुणीतरी बोलतं. या केंद्राला जुन्या टेलिफोन लाइनीवरून इंटरनेटवर आणायचं होतं. मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या. एक तुटली तर दुसरी. दोन्ही तुटल्या तर कॉल दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे वळवायचे, हा भाग पुढच्या टप्प्यात ढकलला होता. ढकलायचं मीच सुचवलं होतं, कारण त्याचं डिझाइन लिहायला मला आठवडा लागला असता.

“दोन कंपन्या आहेत, पण इमारतीत शिरतात कुठून?” युर्गन म्हणाला. “इमारतीपर्यंतचा शेवटचा तुकडा पुष्कळदा दोघांनी एकाच कंपनीकडून भाड्यानं घेतलेला असतो.”

“दोघांनी ई-मेलवर कळवलंय, मार्ग वेगळे आहेत.”

“हो, ई-मेलवर.”

केंद्राच्या तळघरात जाऊन जागा पाहायची तर डिझायनरनं रीतसर अपॉइंटमेंट मागावी लागते. युर्गन एकटा जाऊ शकत नव्हता. मी मागितली नाही. सही केली आणि सराव प्रश्नांकडे वळले. त्या दिवशी मी ठरलेले प्रश्न पूर्ण केले आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

दोन आठवड्यांत केंद्र नव्या लाइनींवर गेलं. परीक्षा फ्रँकफर्टला होती. फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा लांगेंचे नऊ मिस्ड कॉल होते आणि युर्गनचा एक मेसेज: “दोन्ही लाइनी गेल्या. मी साइटवर आहे. शांत राहा.”

सकाळी दहाच्या सुमारास फुटपाथवर फायबर टाकणाऱ्यांच्या खोदयंत्रानं एक पाइप तोडला होता. केंद्र साडेचार तास बंद. तिथल्या लोकांनी स्वतःच्या मोबाइलवरून छापील यादीतल्या एकेकाला फोन केले. ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईंचा नंबर यादीच्या शेवटाकडे होता. त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. बटण दाबत होत्या. दुपारी शेजारणीला त्या जमिनीवर सापडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दोन दिवसांनी युर्गन मला त्या तळघरात घेऊन गेला. भिंतीतून मनगटाएवढा एकच पाइप आत येत होता. त्यात दोन केबल, त्यांवर दोन कंपन्यांच्या दोन रंगांच्या पट्ट्या. बघायला एक मिनिटही लागलं नाही. युर्गननं टॉर्च धरला आणि मी फोटो काढले.

सोमवारी मीटिंग झाली. लांगेंनी ते ई-मेल छापून आणले होते.

“आपण विचारलं होतं, त्यांनी खात्री दिली होती. आपली बाजू भक्कम आहे,” ते म्हणाले. “आपल्यापैकी कुणी शंका काढली होती का?”

युर्गन टेबलाकडे बघत राहिला. तो बोलणार नाही हे मला कळलं. माझ्यासाठीच तो गप्प होता.

“युर्गननं काढली होती,” मी म्हणाले. “दोनदा. मी जागा पाहायला गेले नाही. अभ्यास करत होते.”

मग लांगे मिनिट्स लिहिणाऱ्या सहकाऱ्याला म्हणाले, “हे घेऊ नका.”

“घ्या,” मी म्हणाले.

ते घेतलं गेलं नाही.

सहा आठवड्यांनी मी पास झाल्याचं कळलं. त्याच आठवड्यात त्या बाई हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियानं गेल्या. डॉक्टरांच्या कागदावर आमच्या लाइनीचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या मुलीनं संस्थेला पत्र लिहून एवढंच विचारलं होतं, की आई बटण दाबत होती तेव्हा पलीकडे काहीच वाजत नव्हतं का? उत्तराचा तांत्रिक मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, “नाही, वाजत नव्हतं. डिझाइनमध्ये चूक होती.” वकिलांकडून मसुदा परत आला तेव्हा त्यात ‘तिसऱ्या पक्षाच्या खोदकामामुळे तात्पुरता व्यत्यय’ असे शब्द होते. माझी वाक्यं नव्हती. तेच पत्र गेलं. मी त्या मुलीला वेगळं लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटली.

प्रमाणपत्र रिसेप्शनमध्ये लावलंय. युर्गन गेल्या वर्षी निवृत्त झाला. शेवटपर्यंत त्यानं त्या गुरुवारचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आता ऑफिसातले सहकारी या परीक्षेची तयारी कशी करायची ते विचारायला येतात. मी पुस्तकं सांगते, सराव कसा करायचा ते सांगते. आणि एक सांगते, की तयारीच्या महिन्यांत खऱ्या डिझाइनवर सही करू नका, ज्याच्याकडे वेळ आहे त्याला करू द्या. बहुतेक जण हसून मान डोलावतात. माझ्याकडे वेळ नव्हता, आणि हे मला सही करतानाच माहीत होतं.