वेणीचा शेंडा

खराडीच्या ऑफिसला मी रोज स्कूटरवरून जाते. कमरेखाली येणाऱ्या वेणीचा मोकळा शेंडा वाऱ्याने असा गुंतायचा, की संध्याकाळी विंचरताना फणीचे दात मोडायचे. कसब्यातल्या पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, "केस कापा, नाहीतर स्कूटर विका."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवसापासून टोकांना तेलाचं बोट लावायचं, वेणी पार शेवटपर्यंत घालायची आणि शाळेतल्यासारखी दुमडून रिबनने वर बांधायची, असं सुरू केलं. ऑफिसात एकीने विचारलं, "मधली सुट्टी झाली का?" हसू दिलं तिला.

महिन्याने पार्लरमध्ये जाऊन वेणी सोडली. बाईंची फणी मुळापासून टोकापर्यंत एकदाही न अडता सरकली.

"मग आलात कशाला?" त्यांनी विचारलं.

"दाखवायला."