फेणीचा वास आणि न दिलेलं इंजेक्शन

“आधी हात बांधा ह्याचे,” मी म्हणालो.

बस्त्यांव कॅज्युअल्टीतल्या खाटेचा कठडा दोन्ही हातांनी खेचत होता. “ओढा रे, ओढा!” खाट भिंतीपासून हातभर पुढे आलेली.

मालवण किनाऱ्यावरचं आमचं छोटं हॉस्पिटल, मार्चमधली दुपार. पंखा झोपेत चालल्यासारखा फिरत होता. खिडकीतून समुद्राची गाज येत होती, आणि पोटात सोलकढी-भात घेऊन मीही निम्मा स्वप्नात होतो. त्यात फेणीचा घमघमाट. काजूचा हंगाम, रापणीवर किनाऱ्यावरून जाळं ओढणारा माणूस, नाव बस्त्यांव. निदान करायला मला पाच सेकंद लागले. त्यातले चार पेन शोधण्यात गेले.

केसपेपरवर लिहिलं, ‘अल्कोहोल’.

“सिस्टर, झोपेचं इंजेक्शन भरा.”

परब सिस्टरांनी ते भरलं, पण ट्रेमध्येच ठेवलं. “सर, शुगर बघूया?”

“वास येतोय ना? आणखी काय बघायचं?”

दारातून त्याची बायको मारिया ओरडली, “डॉक्टर, तो पिवक नाय ओ!”

“सगळ्यांच्या बायका असंच म्हणतात.” हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

“आमचे ईस्टराआधीचे उपास आसत! ह्या दिसांत तो दारवेक हात लावणा नाय. सकाळी शुगरची गोळी घेतल्यान, पेज काय खावक नाय. मगे थरथराक लागलो, म्हणान मियांच आंगाक फेणी चोळलंय!”

आमच्याकडे हुडहुडी भरली की फेणी चोळतात. माझ्या आईनेही मला कितीदा चोळली आहे. तसाच शाळेत गेलो, तरी मला कुणी बेवडा म्हटलं नाही. कठड्याला बांधायला तर कुणीच निघालं नाही.

मी हा विचार करेपर्यंत सिस्टरांनी माझी परवानगी न घेता बस्त्यांवच्या बोटाला सुई टोचली होती.

“सर, अठ्ठावीस.”

साखर सत्तरच्या खाली गेली की कमी समजायची. अठ्ठावीसला मेंदू उपाशी पडतो. माणूस बरळतो, हात उगारतो. मी त्याला झोपवलं असतं, तर त्याची साखर खाली खाली जात राहिली असती, आणि दारू उतरतेय म्हणून मी समाधानाने चहा घेतला असता.

आता शिरेतून ग्लुकोज द्यायचं, पण तो हात देईना. मारिया खाटेशी आली, त्याच्या मुठीवर हात ठेवून हळू म्हणाली, “जाळा इला रे किनाऱ्याक. सोड आता.”

त्याने कठडा सोडला. बांधायची पट्टी माझ्या हातातच राहिली.

ग्लुकोज आत गेलं. थोड्या वेळाने त्याचे डोळे निवळले, भरती ओसरल्यावर तळाची वाळू दिसावी तसे. त्याने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

“काय गावला जाळ्यात?”

“डॉक्टर गावलो,” परब सिस्टर म्हणाल्या.

गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. चालत घरी गेला. जाताना माझ्या शर्टाचा वास घेऊन म्हणाला, “डॉक्टरांनू, तुमका फेणीचो वास येता हां.” आदल्या दिवशी त्याला धरताना मलाही लागली होती, आणि रात्रपाळीमुळे शर्ट अजून तोच होता.

आता आमच्याकडे कुणी कितीही आरडाओरडा करत आला, तरी आधी नाडी, ऑक्सिजन, ताप, शुगर, आणि घरच्यांचं पूर्ण बोलणं. तोवर निदानाची ओळ कोरी. पेन परब सिस्टरांच्या खिशात असतं. मागायला गेलो की त्या एवढंच विचारतात, “बोट टोचलंत?”